लेबियाप्लास्टीचं पॅकेज: कोटेशनमध्ये काय असतं, काय राहून जातं

कॉस्मेटिक क्लिनिकांचं लेबियाप्लास्टीचं, म्हणजे योनीमुखाचे आतले ओठ कापून लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचं, कोटेशन साधारण एकाच साच्याचं असतं. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा (ओटीचा) चार्ज, भूलतज्ज्ञ, डे-केअरची खाट, एखाद-दुसरा फॉलोअप. आणि जाहिरातीत ‘वेदनारहित’, ‘लंच-टाइम’, ‘लेझर’ यांपैकी एखादा शब्द ठळक टाइपात. ही शस्त्रक्रिया तशी छोटीच. दोन्ही बाजू मिळून तास-दोन तास लागतात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. जाहिरात होते ती या दोन तासांची. पेशंटला पुढे त्रास होतो तो मात्र आधी घाईने उरकलेल्या तपासणीमुळे किंवा नंतरच्या सहा आठवड्यांत कोणी फोन उचलत नाही म्हणून. त्यामुळे इथे कुठल्या एका दवाखान्याला गुण दिलेले नाहीत. बाजारात जे पॅकेज मिळतं ते उलगडून पाहिलं आहे.

सुरुवात पहिल्या भेटीपासून. डॉक्टरांनी विचारायचा पहिला प्रश्न असा: त्रास नेमका कधी होतो? सायकलवर किंवा घट्ट जीन्समध्ये घासतं, संबंधाच्या वेळी ओठ आत ओढला जातो, पाळीत पॅडला घासून कातडी सोलवटते, या तक्रारी शस्त्रक्रियेने कमी होऊ शकतात. ‘काळं दिसतं’, ‘व्हिडिओत असतं तसं नाही’, ‘नवऱ्याने टोमणा मारला’ ही कारणं असतील, तर तिथे थांबून बोलायला हवं. एखाद्या अवयवाचाच ध्यास घेतलेल्या, दिवसातून अनेकदा आरशात पाहणाऱ्या व्यक्तीचं शस्त्रक्रियेने सहसा समाधान होत नाही. खंत दुसऱ्या अवयवावर सरकते. अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणारा डॉक्टर गिऱ्हाईक गमावतो आणि आपलं काम नीट करतो. पंधरा मिनिटांत तारीख देणाऱ्यापेक्षा ‘तुम्हाला याची गरज दिसत नाही’ म्हणणाऱ्यावर जास्त भरवसा ठेवावा.

मोजमापाचं म्हणाल, तर लंडनच्या डॉक्टरांनी २००५ साली ५० स्त्रियांची मापं छापली. आतल्या ओठांची रुंदी ७ पासून ५० मिलिमीटरपर्यंत निघाली. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या अभ्यासात ६५७ स्त्रिया होत्या आणि तिथेही फरक इतका मोठा होता, की ‘नॉर्मल’ म्हणून एक आकडा सांगता येईना. आतले ओठ बाहेरच्या ओठांच्या बाहेर येणं, एक बाजू लांब आणि दुसरी आखूड असणं, यात आजार काही नाही. ल्युसर्नच्या पाहणीतल्या स्त्रिया गोऱ्या होत्या, त्यामुळे आपल्याकडच्या रंगाबद्दल तिथून काही हाती लागत नाही. पण आपल्या कातडीत ओठांची कड गडद तपकिरी ते काळी असणं हाच नियम आहे. ती वयात येताना आणि गरोदरपणात आणखी गडद होते. त्यावर विकली जाणारी ‘व्हाइटनिंग’ची क्रीमं आणि पील (कातडीचा थर सोलणारी रसायनं) यांचं उत्तर एकच: घेऊ नका. त्या नाजूक कातडीवर भाजल्याचा डाग मूळ रंगापेक्षा काळा पडतो.

वय १८ च्या आत असेल तर विषय तिथेच संपावा. ओठांची वाढ वयात येताना चालू असते, दोन्ही बाजू एकाच वेगाने वाढत नाहीत. ब्रिटनच्या स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१३ सालीच स्पष्ट केलं, की निव्वळ दिसण्यासाठी ही शस्त्रक्रिया १८ वर्षांखाली करू नये. मुलीला घेऊन आलेल्या आईला हे समजावून सांगायला वेळ लागतो. चांगला डॉक्टर तो वेळ देतो.

तपासणी टेबलावर, उजेडात आणि स्त्री परिचारिका हजर असताना व्हायला हवी. पांढुरके चट्टे, सततची खाज, कातडी पातळ होऊन चिरणं असं दिसलं तर लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा आजार नाही ना, हे आधी बघावं लागतं. या आजारात ओठ आपणहून आकसतात आणि त्यावर सुरी चालवली तर जखम चिघळू शकते. बुरशीचा संसर्ग असेल तर तो आधी बरा करायचा. बाळंतपण झालं असेल तर निदान सहा महिने थांबायचं आणि अंगावर पाजणं चालू असेल तर त्याहून जास्त. लवकरच मूल हवं असेल तर हा विषय पुढे ढकलावा. घासण्याचीच तक्रार असेल, तर दोन-तीन महिने साधे उपाय करून पाहायला सांगतात का, तेही पाहा: सुती आणि शिवण जाड नसलेली चड्डी, सायकलवर किंवा व्यायामाआधी पेट्रोलियम जेली, वॅक्सिंग बंद, सुगंधी इंटिमेट वॉश बंद. केस काढल्यावर घर्षण वाढतं आणि ओठ जास्त उठूनही दिसतात. अनेकींची तक्रार वॅक्सिंग सुरू केल्यानंतरची असते, पण हे कोणी जुळवून पाहत नाही.

आता फोटो. आधीचे आणि नंतरचे फोटो वैद्यकीय नोंदीसाठी लागतात. ते कोणाच्या मोबाइलवर काढले जातात, याकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. दवाखान्याचा कॅमेरा, चेहरा आणि ओळखीच्या खुणा वगळलेल्या, वेगळी लेखी संमती. सहायकाने खिशातून फोन काढला तर ‘नको’ म्हणायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ओळख पटेल असा रुग्णाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. दुसऱ्या पेशंटांचे फोटो अल्बमसारखे उलगडून दाखवणारा डॉक्टर उद्या तुमचेही दाखवील.

संमतिपत्रावर नवऱ्याची सही मागणारी क्लिनिकं अजून आहेत. सज्ञान बाईच्या शरीरावरच्या या शस्त्रक्रियेला तिची स्वतःची सही पुरते. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे नीट सांगितलं. भुलेखाली असलेल्या पेशंटच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी ठरल्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया केली होती आणि न्यायालयाने ती संमती मानली नाही. इथे त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की ‘आत गेल्यावर बघू, लागलं तर वरची, क्लिटोरिसवरची घडीही कापू’ हे वाक्य चालत नाही. काय कापणार आणि काय नाही, हे भुलेआधी कागदावर हवं.

कोण कापणार, हेही विचारा. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी, नाहीतर स्त्रीरोगातली एमडी, एमएस आणि या कामाचा वेगळा अनुभव. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येतो. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही शस्त्रक्रियेची पदवी नाही.

पद्धती मुख्यतः दोन, आणि तुमच्यासाठी कुठली निवडली व का, हे डॉक्टरांनी चित्र काढून सांगायला हवं. पहिली कड छाटण्याची. ओठाची बाहेरची कड हव्या त्या रेषेत कापून टाके घालतात. सोपी आहे, गडद कड जाते म्हणून अनेकींना हवी असते आणि टाके पूर्ण उसवण्याचा धोका कमी. पण कडेची नैसर्गिक मऊ घडी जाते, तिथे व्रण येतो. रेषा गुलाबी आणि भोवताल गडद अशी ठिगळं दिसू शकतात. एकच धागा ओढून सलग टाका घातला तर कड दातेरी होते, पोस्टाच्या तिकिटासारखी. सर्वांत मोठी चूक म्हणजे जास्त कापणं. ओठ ताणून धरून कापला की सोडल्यावर तो आणखी आत जातो. म्हणून जाणते सर्जन न ताणता खुणा करतात आणि निदान एक सेंटिमीटर रुंदी राखतात. ओठ मुळापासून गेला तर कोरडेपणा, लघवीची धार वाकडी जाणं, बसताना दुखणं मागे लागतं आणि परत लावायला ऊती शिल्लक नसते.

दुसरी पाचरीची. ती १९९८ मध्ये अमेरिकेतल्या गॅरी ऑल्टर यांनी मांडली. ओठाच्या सर्वांत रुंद भागातून व्ही आकाराचा तुकडा काढून वरचा आणि खालचा भाग जोडतात. कड जशीच्या तशी राहते, व्रण आडवा आणि लहान. पण जोडावर ताण येतो, त्यामुळे टाके उसवण्याचा किंवा मधे भोक राहण्याचा धोका इथे जास्त. कडेचा रंग वर-खाली वेगळा असेल तर जोडावर पायरी दिसते. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांपैकी काही चालू असेल तर ही पद्धत टाळलेली बरी, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडाचं टोक काळं पडून झडतं. मिश्रीला कोणी व्यसन म्हणत नाही आणि म्हणून फॉर्मवर लिहीतही नाही. ती निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद हवी.

मधला भाग खरवडून कड राखण्याची तिसरी पद्धतही आहे. जाड ओठांत ती केली तर ओठ आणखी जाड होतो. क्लिटोरिसवरची घडी मोठी असताना फक्त ओठ छाटले तर वरचा भाग एकदम फुगीर दिसू लागतो. ही तक्रार टाके विरघळल्यानंतर येते आणि तेव्हा कळतं, की घडीचं काम पॅकेजमध्ये नव्हतं.

‘लेझर’ला वेगळे पैसे देऊ नका. लेझर हे कापायचं हत्यार आहे. जखम तीच, टाके तेच, बरं व्हायला दिवस तेवढेच. उलट कड उष्णतेने भाजली तर टाके धरायला उशीर लागतो. त्याच कोटेशनखाली ‘व्हजायनल रिज्युवनेशन’चं, म्हणजे योनी ‘तरुण’ करण्याचं, लेझर किंवा रेडिओ-फ्रीक्वेन्सी सेशन जोडलेलं असतं. अमेरिकेच्या औषध व उपकरण नियामक संस्थेने (एफडीए) जुलै २०१८ मध्येच बजावलं होतं, की यासाठी या यंत्रांची सुरक्षितता आणि उपयोग सिद्ध नाही, आणि भाजणं, व्रण, संबंधाच्या वेळी दुखणं, दीर्घकाळची वेदना अशा तक्रारी आल्या आहेत. मेन्यूवरची हायमेनोप्लास्टी, म्हणजे योनिपटल पुन्हा शिवणं, ब्रिटनने २०२२ साली कायद्यानेच गुन्हा ठरवली. यादीत या वस्तू जितक्या जास्त, तितकी त्या क्लिनिकवरची आमची श्रद्धा कमी.

पैशांचं सरळ आहे. दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो. कोटेशन ८०,००० रुपयांचं असेल तर वर १४,४००. जन्मजात दोष, अपघात किंवा इजा यांतून बिघडलेली रचना वा कार्य दुरुस्त करायचं असेल तर या करातून सूट मिळते, म्हणून बाळंतपणात फाटलेल्या ओठाचं काम ‘कॉस्मेटिक’ या रकान्यात घातलेलं नाही ना, ते बघा. मेडिक्लेममध्ये कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते. गुंतागुंत झाली तर दुसऱ्यांदा ओटीत नेण्याचा खर्च कोणाचा, हा प्रश्न विचारल्यावर बहुतेक कोटेशनांचा आवाज बसतो. उत्तर लेखी घ्या.

तारीख पाळी संपल्यावर लगेचची धरावी, म्हणजे पुढची पाळी येईतो तीन आठवडे मिळतात. आदल्या दिवशी घरी वस्तरा फिरवू नये, बारीक कापांतून जंतू शिरतात. केस लागलेच तर दवाखान्यात क्लिपरने काढतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आणि आयुर्वेदिक काढ्यांबद्दलही आधी सांगा.

खुणा भूल टोचण्याआधी व्हायला हव्यात. टोचल्यावर ओठ फुगतात आणि रेषा फसते. पेशंट जागी असताना, हातात आरसा देऊन खुणा दाखवणारे सर्जन आहेत. त्यांना पूर्ण गुण. लिग्नोकेन या भुलेच्या औषधाबरोबर रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रेनॅलिन टोचलेलं असतं, त्याने ओटीत रक्त जवळजवळ येतच नाही. काही तासांनी त्याचा असर उतरतो आणि दबून राहिलेली रक्तवाहिनी तेव्हा वाहू लागते. शस्त्रक्रियेनंतर अर्ध्या तासात रिक्षात बसवणाऱ्या दवाखान्यात हा प्रसंग पेशंटच्या घरी घडतो. दोन-तीन तास खाटेवर ठेवून, लघवी झाल्यावर आणि जखम पुन्हा पाहून सोडणं हे किमान.

घरी गेल्यावर पहिले ४८ तास पडून राहायचं, कमरेखाली उशी. थंड पॅक पातळ सुती कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं, मग निदान पाऊण तास विश्रांती. बर्फ थेट लावला तर बधिर कातडी भाजते आणि कळतही नाही. जेल पॅक त्या जागी नीट बसत नाहीत. फ्रीजरमधल्या मटारची छोटी पिशवी जास्त चांगली वळते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त. ओठ आधीपेक्षा मोठे आणि वेडेवाकडे दिसतात, एक बाजू जास्त. या दिवसांत आरसा घेऊन बसू नये, तो आकार टिकणारा नसतो.

लघवी चरचरते. साधी पाण्याची बाटली, झाकणाला भोकं पाडलेली, हा या सगळ्या खरेदीतला सर्वांत उपयोगी नग. धार सुरू होतानाच कोमट पाणी ओतायचं, मग टिपायचं, पुसायचं नाही. ‘पेरिनिअल बॉटल’ म्हणून तीच महाग मिळते. केमिस्टकडचा प्लॅस्टिकचा सिट्झ बाथ टब (कोमट पाण्यात बसून शेकण्यासाठीचा) कमोडवर बसतो. घरी भारतीय संडास असेल तर तो निरुपयोगी. पसरट टब स्टुलावर ठेवून बसावं, जमिनीवर उकिडवं नको. शेक कधी सुरू करायचा यावर सर्जनांची मतं वेगळी आहेत. काही दुसऱ्या दिवसापासून सांगतात, काही आठवडाभर थांबवतात, कारण भिजून टाके लवकर सैल होतात. आपल्या सर्जनचं ऐका, पण बेटाडिन, डेटॉल यांची भर आपल्या मनाने घालू नका. मधे भोक असलेली गोल उशी नको. ती दोन्ही बाजू खाली ओढते आणि टाक्यांवर ताण येतो. कुशीवर झोपणं जास्त सुखाचं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये: ईसबगोल आणि भरपूर पाणी, लागलं तर डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोज. कुंथण्याने रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं.

आता घरी कोणी सांगत नाही ती यादी. उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, मलासन: चार ते सहा आठवडे बंद. स्कूटर निदान तीन-चार आठवडे नको, आणि मागे एका बाजूला बसणंही नको. पुण्यातल्या बाईला हीच अट सर्वांत जड जाते, म्हणून रजेचा हिशोब त्यावर करा. खुर्चीचं काम आठवड्यात जमतं, उभ्याने लोकलचा प्रवास त्याहून उशिरा. लेगिंग्ज, जीन्स नको. सैल सलवार किंवा परकर. काष्टा घातलेली नऊवारी त्या हंगामापुरती विसरा. टॅम्पॉन, मेन्स्ट्रुअल कप, संबंध, पोहणं, सायकल सगळं सहा आठवड्यांनंतर, तेही तपासून झाल्यावर.

टाके काढावे लागत नाहीत. व्हिक्रिल रॅपिड या विरघळणाऱ्या धाग्याची ताकद १०-१४ दिवसांत संपते आणि तुकडे पॅडवर सापडतात. मोनोक्रिलला पूर्ण विरघळायला तीन-चार महिने लागतात, त्यामुळे कोणता धागा आहे हे विचारून ठेवा, नाहीतर सहाव्या आठवड्यात टोचणाऱ्या टोकाने उगाच घाबराल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खाज येते. पांढरा दह्यासारखा स्राव आणि आग असेल तर ती अँटिबायोटिकमागून आलेली बुरशी असू शकते.

थांबायचं नाही अशा गोष्टी वेगळ्या. एक बाजू अचानक टणक, जांभळी होऊन ठणका वाढत गेला तर आत रक्त साठतं आहे, त्याच दिवशी दवाखाना. तासात एक पॅड पूर्ण भिजला, सहा-आठ तास लघवीच झाली नाही, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, घाण वास किंवा पू, तरीही तेच. ‘सकाळी या’ असं उत्तर देणारा रात्रीचा फोन हा सेवेतला दोष आहे, कोटेशन कितीही स्वस्त असो.

पाचव्या ते चौदाव्या दिवसांत टाके थोडे उसवले, तर लगेच पुन्हा शिवून घ्यायची घाई करू नये. सुजलेल्या ऊतीत टाका धरत नाही, लोण्यातून निघावा तसा निघतो. जागा स्वच्छ ठेवून भरू द्यायची. दुरुस्ती लागलीच तर ती चार-सहा महिन्यांनी. बहुतांश सूज सहा आठवड्यांत उतरते, खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. बधिरपणा सहसा त्याच काळात जातो, क्वचित कायम राहतो, आणि ही शक्यता संमतिपत्रात लिहिलेली असायला हवी.

दुरुस्तीसाठी दुसऱ्या सर्जनकडे जायचं झालं तर पहिल्याच्या ऑपरेशन नोटची प्रत लागते: कुठली पद्धत, किती रुंदी राखली, कुठला धागा. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. घरी सोडतानाच डिस्चार्ज कार्डाबरोबर ती मागून घ्या. सहसा त्या वेळी कोणी कारण विचारत नाही.